बाहेरच्या बाकावर

माझ्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीबाहेर एक सागवानी बाक आहे. १९९१ साली खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात मी दवाखाना थाटला, तेव्हा गावातल्या सुताराकडून तो करून घेतला होता. बायका आत येतात आणि त्यांच्यासोबतचे पुरुष त्या बाकावर बसतात. कुणी गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवतो, कुणी भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर पुन्हा पुन्हा वाचतो. पाटीवर ‘स्त्रीरोग व प्रसूती’ असं लिहिलेलं, तेव्हा पुरुषांनी बाहेर बसायचं, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही आणि मलाही नाही. तेहतीस वर्षं अशी गेली.

मागच्या श्रावणात एक बाई पुतणीला घेऊन आली. पुतणी पुण्याची, सातवा महिना, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून आलेली. तपासणी झाली. सगळं नीट होतं. बाई मात्र उठेना. म्हणाली, “मला वळखलं न्हाई का, डॉक्टर? तुम्हीच माझं दुर्बिणीचं केलं हुतं. नळ्या बंद हाईत म्हणला हुता.”

मग ओळख पटली. मूल न झालेली बाई. पुढे तिने दिराची ही मुलगी आपलीच मानून वाढवली होती. ती सांगू लागली, “हिलाबी दोन वर्सं राहत न्हवतं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी हिची तपासणी केली आणि जावयाचीबी लघवी तपासली. कसलं तरी जंतू निघालं. त्याला काय सुदीक त्रास न्हवता. दोघांला आठवडाभर गोळ्या दिल्या, आणि वर्साच्या आत दिवस राहिलं.” एवढं सांगून ती थांबली आणि ज्वारीचा भाव विचारावा तशा आवाजात तिने विचारलं, “डॉक्टर, तवा आमच्या मालकांचीबी लघवी तपासली असती तर?”

मी म्हणालो, “तेव्हा तशी तपासणी नव्हती.”

तिने मान डोलावली आणि पुतणीला घेऊन गेली. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण मी तिला जे सांगितलं ते खरं नव्हतं.

त्या जंतूचं नाव क्लॅमिडिया. जिवाणूंमुळे होणाऱ्या लैंगिक संसर्गांत जगात सगळ्यांत जास्त आढळणारा हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात त्याची सुमारे बारा कोटी नव्वद लाख माणसांना नव्याने लागण झाली. आपल्या भाषेत सिफिलिसला गरमी हा शब्द आहे, गोनोरियाला परमा हा शब्द आहे. गावातला कुणीही म्हातारा हे दोन्ही शब्द कुजबुजत का होईना उच्चारतो. क्लॅमिडियाला आपल्याकडे शब्द नाही, कारण हा आजार आपण होऊन काही सांगत नाही. बायकांपैकी बहुतेकींना आणि पुरुषांपैकी निम्म्यांना तरी काही जाणवतच नाही. जाणवलं तर पुरुषाला लघवीला थोडी जळजळ होते. तो म्हणतो, उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी पितो, सब्जा घेतो, चार दिवसांत बरं वाटतं. जंतू आतच राहतो. बायकोच्या अंगात तो गर्भपिशवीच्या तोंडातून वर चढतो, नळ्यांना सूज आणतो, आणि सूज ओसरताना नळ्या चिकटवून टाकतो. हे सगळं तिला एखाद्या कंबरदुखीपलीकडे काही न कळता होऊ शकतं.

याच जंतूचे दुसरे प्रकार डोळ्यात गेले की खुपऱ्या होतात. त्या मात्र आपल्याला चांगल्या माहीत आहेत. माझ्या आजीच्या पापण्या खुपऱ्यांनीच आत वळल्या होत्या. २०२४ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपऱ्या ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेली नाही, असं जाहीर केलं. बातमी वाचून मला आजी आठवली आणि आनंद झाला. डोळ्यात बसलेल्या जंतूमागे आपण गावोगाव गेलो, शाळांत पोरांच्या पापण्या उलटून पाहिल्या. तोच जंतू ओटीपोटात बसला तेव्हा आपण, म्हणजे मी, दार लोटून घेतलं.

जुने केसपेपर मी टाकत नाही. वर्षावर्षाचे गठ्ठे सुतळीने बांधून माळ्यावर ठेवलेले असतात. दुसऱ्या दिवशी माळ्यावर चढून मी तिचा पेपर शोधला. माझंच अक्षर होतं.

पहिली नोंद १९९८ च्या मे महिन्यातली. वय एकवीस, लग्नाला दोन वर्षं, अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. पुढे लिहिलेलं : पती परगावी, गलाई. आमच्या भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, देशभर विखुरलेली आहेत. पार दक्षिणेपर्यंत त्यांची दुकानं आहेत. मिसरूड फुटायच्या आत पोरं कुणाच्या तरी भट्टीवर जातात आणि जत्रेला, दिवाळीला गावी येतात. तिचा नवरा तसाच. पेपरवरच्या पुढच्या तारखा पाहिल्या : नोव्हेंबर, मे, नोव्हेंबर. प्रत्येक वेळी तक्रार तीच, आणि प्रत्येक वेळी ती आली तो जत्रा किंवा दिवाळी उरकून नवरा परत गेल्यानंतर. आज तो कागद पाहणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला दोन मिनिटांत उलगडा होईल. मी चार वेळा औषध लिहिलं. तिसऱ्या वेळी खाली एक ओळ आहे : नवऱ्यासाठीही गोळ्या दिल्या.

त्या गोळ्या मी कशा दिल्या, ते मला लख्ख आठवतं. खाकी पुडीत डॉक्सिसायक्लिनच्या चौदा कॅप्सुला घातल्या, सात दिवस सकाळ-संध्याकाळ. ती म्हणाली, मालक विचारतील कशाच्या म्हणून. मी म्हणालो, “ताकदीच्या आहेत म्हणून सांग. येताना पाठव, नाहीतर पोस्टाने पाठव.” असं मी शेकडो बायकांना सांगितलं असेल. ताकदीची म्हणून दिलेली गोळी माणूस दोन दिवस घेतो, तिसऱ्या दिवशी उपाशीपोटी घेतल्याने पोटात आग पडते आणि उरलेली पुडी फळीवर पडून राहते. शिवाय औषध चालू असताना आठवडाभर बायकोपासून दूर राहायचं असतं. ताकदीची गोळी घेणाऱ्याला हे कोण सांगणार? मी बायकांच्या तोंडून नवऱ्यांशी खोटं बोलत होतो. आणि त्याला माझ्या मनात मी ‘संसार सांभाळणं’ असं नाव दिलं होतं.

पुढे मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्या. नवऱ्याचं वीर्य तपासायला मी सांगितलं, ते मोठ्या मुश्किलीने झालं. तो रिपोर्ट पेपरला टाचलेला आहे. काउंटखाली माझ्या पेनाची दुहेरी रेघ आहे. शेजारी लिहिलंय, उत्तम. त्याच रिपोर्टात दोन ओळी खाली पस सेल्स, म्हणजे संसर्गाची शंका आणणाऱ्या पूपेशी, दहा ते बारा असं छापलं आहे. तिथे काहीही खूण नाही. काउंट चांगला आला की नवरा सुटतो, हा आमच्याकडचा अलिखित कायदा आहे. दोष मग बाईत शोधायचा. सासू बाहेर येऊन विचारते, “पोराचं चांगलं हाय न्हवं?” आणि मी मान हलवली की पुढचं सगळं त्या पोरीच्या माथी येतं. ही मान मी किती वेळा हलवली, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही.

आणि मग २००४ च्या फेब्रुवारीतली दुर्बिणीच्या तपासणीची नोंद. दोन्ही नळ्या बंद, टोकं फुगलेली, आजूबाजूला चिकटलेलं. त्याखाली एक वाक्य आहे, जे वाचताना माळ्यावर मला खाली बसावं लागलं : यकृताच्या पृष्ठभागावर बारीक ताणलेले धागे. हे धागे म्हणजे काय, हे मला तेव्हाही माहीत होतं. पाठ्यपुस्तकात त्यांना व्हायोलिनच्या तारांची उपमा दिलेली असते, आणि ते दिसले की आधी क्लॅमिडिया आणि परमा मनात आणावा असं शिकवतात. क्षयातही असं क्वचित दिसतं. पिशवीच्या अस्तराचा तुकडा मी तपासायला पाठवला होता. त्यात क्षयाचा काही पुरावा नाही, असा रिपोर्ट आला. तरीही शेवटच्या ओळीत मी लिहिलं : क्षय असावा. आणि सहा महिने क्षयाची औषधं दिली.

क्षयच का लिहिला? कारण तो शब्द बाकावर बसलेल्या माणसाला सांगता येतो. सासूला सांगता येतो. टीबी कुणालाही होतो, कुणाच्या घरी काही चौकशी होत नाही. आमच्या देशात नळ्या बंद होण्यामागे क्षय हे खरोखरच मोठं कारण आहे, त्यामुळे मला कुणी विचारणारही नव्हतं. त्या औषधांनी तिला उलट्या होत होत्या. सहा महिने तिची लघवी तांबडी-भगवी होत होती. आणि त्या सहा महिन्यांत, किंवा त्याआधीच्या सहा वर्षांत, तिच्या नवऱ्याच्या लघवीचा एक थेंब मी मागितला नाही.

तपासणी नव्हती, हे मी तिला सांगितलं ते कितपत खरं? १९९८ साली आमच्या तालुक्यात नव्हती. पण जंतूच्या जनुकांच्या लाखो प्रती काढून तो ओळखण्याचं तंत्र तोवर आलेलं होतं. २००४ मध्ये मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत नमुना पाठवता आला असता. इंग्लंडने तर २००३ पासून पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना क्लॅमिडियाची तपासणी आपण होऊन देऊ करायचा राष्ट्रीय कार्यक्रमच सुरू केला होता. मी ते वाचलं होतं. पैसे लागले असते, हे खरं आहे. पण दुर्बिणीच्या तपासणीला लागले त्याहून कमीच लागले असते, आणि दुर्बिणीसाठी तिच्या वडिलांनी म्हैस विकली होती. शिवाय तपासणी नसताना निदान त्याला आत बोलावून विचारता आलं असतं. लघवीला जळजळ झाली होती का, एवढं विचारायला कुठलं यंत्र लागत नाही.

एक भीती मात्र खरी होती आणि ती मी टाळून पुढे जाणार नाही. बाईच्या अंगात लैंगिक संसर्ग निघाला आणि ते घरी कळलं, तर आळ तिच्यावर येतो. जिच्यात आधी सापडतो तिच्यापासून तो आला, असा हिशेब होतो. गर्भारपणात सगळ्या बायकांची गरमीसाठी व्हीडीआरएल ही रक्ततपासणी होते, पुढे एचआयव्हीची होऊ लागली. म्हणजे घरात कळायचं ते पहिल्यांदा तिच्याच रक्तातून. एचआयव्हीच्या काळात मी हे पाहिलं आहे : नवऱ्याकडून लागण झालेली पोर, माहेरी पाठवलेली, आणि नवऱ्याची तपासणी कधीच न झालेली. त्यात अंगावरून पांढरं जाणं म्हणजे दर वेळी लैंगिक संसर्ग नव्हेच. बहुतेकदा कारण साधं असतं. नुसत्या लक्षणावरून नवऱ्याला बोलावलं आणि नसत्या संशयाने घर मोडलं तर? या भीतीने मी गप्प राहिलो. आता वाटतं, याच भीतीने मला उलट दिशेला न्यायला हवं होतं. आधी तिचं नाव कागदावर येऊ नये असं मला खरंच वाटत होतं, तर दोघांना एका वेळी आत घ्यायचं, दोघांचे नमुने एका दिवशी पाठवायचे, आणि कुणाकडून कुणाला आलं हे सांगता येत नाही, हेही दोघांना एकत्र सांगायचं. हा मार्ग मला कुणी बंद केला नव्हता. मी तो चाललो नाही, कारण त्या माणसाच्या डोळ्यांत बघून ते वाक्य बोलायला मी घाबरत होतो. तिच्या संसाराची भीती त्या भीतीवर पांघरूण म्हणून उपयोगी पडली.

आणखी एक गोष्ट केसपेपरांच्या गठ्ठ्यांनी दाखवली. नवऱ्याची व्हीडीआरएल करा, असं मी काही जणांच्या पेपरवर लिहिलेलं आहे. कोण होते ते? ऊसतोड मजूर, ट्रकवरचे ड्रायव्हर, भट्टीवर काम करणारी पोरं. हायस्कूलचे शिक्षक, बँकेतले साहेब, कारखान्याचे संचालक, माझ्यासोबत सकाळी फिरायला येणारे वकील, यांच्यापैकी एकाच्याही बायकोच्या पेपरवर ती ओळ नाही. गावाबाहेर राहणाऱ्या कष्टकऱ्याबद्दल मी मनातल्या मनात काही ठरवून टाकलं होतं आणि इस्त्रीच्या शर्टाबद्दल काहीच नाही. ज्यांना विचारायला हवं होतं त्यातल्या निम्म्यांना मी विचारलं नाही, आणि ज्यांना विचारलं त्यांना तुच्छतेने विचारलं. त्या गलाईवाल्या माणसाला तर दोन्ही वाट्याला आलं. मनात संशय घेतला आणि तोंडाने विचारलं नाही.

ही खोड माझ्या एकट्याची नाही, पण म्हणून ती हलकी होत नाही. इंग्रजांनी १८६८ मध्ये हिंदुस्थानात संसर्गजन्य रोगांचा कायदा आणला, तो गोऱ्या शिपायांना हे आजार होऊ नयेत म्हणून. त्यात वेश्यांची नोंदणी करून सक्तीने तपासणी व्हायची, आजारी निघाल्या तर लॉक हॉस्पिटलात डांबायचं. शिपायांसाठी त्या कायद्यात तशी सक्ती नव्हती. १८८८ मध्ये कायदा गेला. वेगळी वाट दाखवणारेही होते. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून लैंगिक आरोग्यावर उघडपणे लिहिलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९८९ साली मी एमडीच्या शेवटच्या टप्प्यात असताना ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास आला. दोन खेड्यांतल्या साडेसहाशे बायका तपासल्या, त्यांतल्या ब्याण्णव टक्के बायकांना जननेंद्रियांचा किंवा लैंगिक आजार होता, आणि यापूर्वी कधी तपासणी झालेल्या बायका जेमतेम शेकडा आठ होत्या. आम्ही सगळे निवासी डॉक्टर त्या आकड्याने हादरलो होतो. बायकांसाठी खेड्यात जायचं, हे मी त्या आठवड्यात ठरवलं. ब्याण्णव टक्के बायका आजारी असतील तर त्यांच्या घरातल्या पुरुषांत काय असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आमच्याच सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ संस्था वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम करते आहे. त्या बायका गिऱ्हाइकांपुढे निरोध धरून उभ्या राहायला शिकल्या. मी एका शिकलेल्या नवऱ्यापुढे प्लॅस्टिकची डबी धरू शकलो नाही.

सगळ्या पुरुषांची सरसकट तपासणी करा, असं मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. इंग्लंडनेच २०२१ च्या जूनमध्ये आपल्या कार्यक्रमाचा रोख बदलला : ज्यांना काही त्रास नाही अशांपैकी तरुण स्त्रियांनाच तपासणी आपण होऊन देऊ करायची, मुलांना नाही, कारण आजार अंगावर राहिल्याचं खरं नुकसान स्त्रीचं होतं आणि तेच टाळायचं आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. पाहा, तिकडेही पुरुषांना तपासत नाहीत! या आनंदाची मला आज लाज वाटते. कारण तिथे बाईत संसर्ग सापडला की तिच्या जोडीदाराला कळवतात, बोलावतात, तपासतात, औषध देतात. त्या साखळीवर तो निर्णय उभा आहे. माझ्याकडे बाईची तपासणी नव्हती आणि जोडीदाराला निरोप नव्हता. मी त्या निर्णयातलं मला सोयीचं तेवढं उचललं.

करोनाच्या काळात जनुकांच्या प्रती काढण्याच्या याच तंत्राची, पीसीआरची, यंत्रं जिल्ह्याजिल्ह्यात आली. नाकातोंडातला नमुना द्यायला आख्खी गावं रांगेत उभी राहिलेली मी पाहिली. क्लॅमिडियाच्या तपासणीसाठी पुरुषाला तेवढंही सोसावं लागत नाही. पूर्वी मूत्रमार्गात काडी घालून नमुना घ्यायचे, त्याची धास्ती असायची. आता लघवी पुरते. तासभर लघवीला जायचं नाही, आणि मग डबीत पहिली धार घ्यायची, वीस-तीस मिलिलिटर. एरवीच्या लघवीच्या तपासणीत पहिली धार सोडून मधली घ्यायला सांगतात, इथे नेमकी पहिलीच लागते. एवढंच.

इथपर्यंत लिहून मी दोन आठवडे वही मिटून ठेवली होती. कारण पुढचं लिहायचं तर मला स्वतःला त्या बाकावर बसवावं लागतं.

१९८८ साली मी निवासी डॉक्टर होतो. लग्न ठरलं नव्हतं. माझा एका व्यक्तीशी संबंध आला होता. तिच्याबद्दल इथे काही लिहिण्याचा मला हक्क नाही. त्यानंतर काही दिवसांनी मला लघवीला जळजळ होऊ लागली. मी वसतिगृहातल्या मित्राला म्हणालो, उन्हाळी लागली आहे. डॉक्टर असून मी तोच शब्द वापरला. त्याने काही विचारलं नाही आणि डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सुला आणून दिल्या. मी त्या तीन दिवस घेतल्या. बरं वाटलं, उरलेल्या कपाटात राहिल्या. ज्या इमारतीत मी राहत होतो तिच्या समोरच गुप्तरोग विभाग होता. तिथे जाऊन काचपट्टीवर नमुना देणं दहा मिनिटांचं काम होतं. पण तिथले सहकारी मला ओळखत होते. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. मी बायकोला काही सांगितलं नाही.

१९९१ मध्ये आम्हाला मुलगी झाली. दुसरं मूल हवं होतं. मला हवं होतं त्याहून तिला जास्त हवं होतं. ते राहिलं नाही. मधल्या काळात तिचं ओटीपोट दुखायचं, मी लघवीचं इन्फेक्शन म्हणून औषध द्यायचो. १९९६ मध्ये माझ्या एका स्नेह्याने पिशवीत औषध सोडून तिचा एक्स-रे काढला. एक नळी बंद, दुसरी संशयास्पद. स्नेही म्हणाला, तुझंही सिमेन करून टाक. केलं. काउंट चांगला आला. मला किती हलकं वाटलं होतं, ते आठवतं. तिने विचारलं, नळी का बंद झाली असेल? मी म्हणालो, बाळंतपणानंतर थोडं इन्फेक्शन झालं असेल. तिने ते मान्य केलं. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं आमच्या घरात तो विषय निघाला नाही.

माझ्या अंगात तेव्हा काय होतं, ते आता कुठलीच तपासणी सांगू शकणार नाही. कदाचित तीन दिवसांच्या औषधाने जंतू गेलाही असेल. कदाचित तो क्लॅमिडिया नसेलच. तिची नळी खरंच बाळंतपणानंतरच्या संसर्गाने बंद झाली असेल. कळायची जी एक वेळ होती ती मी समोरच्या इमारतीत न जाऊन घालवली. दहा मिनिटांच्या लाजेसाठी.

पितृपक्षात एका संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. मधे एकदाच तिचे हात थांबले. त्या बाईबद्दलही सांगितलं, केसपेपर, धागे, क्षय, सगळं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “तिला सांगितलंस हे?” मी नाही म्हणालो. “आधी तिला सांग. माझं नंतर बघू.” आणि जुडी उचलून आत गेली. ते नंतर अजून आलेलं नाही. मी घाई करणार नाही.

दिवाळीच्या आधी पुतणी बाळंत झाली. मुलगा, तीन किलोला थोडा कमी. दुसऱ्या दिवशी राउंड झाल्यावर मी बाईला एकटीला आत बोलावलं आणि तिचा पेपर टेबलावर ठेवला. श्रावणात मी तुमच्याशी खरं बोललो नाही, इथून सुरुवात केली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून एकेक ओळ वाचून दाखवली. टीबी बहुतेक नव्हता, हेही सांगितलं. नक्की काय होतं ते आता कळणार नाही, पण मला तेव्हा शंका होती आणि मी मालकांना विचारलं नाही, तपासलं नाही. ती ऐकत होती. पदराच्या टोकाला तिने दोन-तीनदा पीळ घातला. विचारलं, “म्हंजी त्या सा म्हैन्याच्या गोळ्या उगाच खाल्ल्या?” मी हो म्हणालो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती म्हणाली, “लई कडू हुत्या वो त्या.”

मी विचारलं, मालकांनाही आत बोलावू का? तुम्ही म्हणत असाल तर मी त्यांच्यासमोर हे सगळं पुन्हा सांगतो.

ती एकदम म्हणाली, “नगो. त्यास्नी न्हाई सांगायचं. आता भट्टी सोडून गावी आल्यात, बीपीच्या गोळ्या चालू हाईत. कशाला?” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “मला सांगितलं तेवढं बास झालं.”

मी तिच्यामागोमाग बाहेर आलो. ते बाकावर बसले होते, मांडीवर पेढ्यांचा पुडा. पिकल्या मिशा, मनगटावर भट्टीच्या जुन्या भाजल्याचे पांढरे डाग. मला पाहून ते उठले, दोन पेढे माझ्या हातावर ठेवले आणि हात जोडून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आमच्या घरासाठी तुम्ही लई केलंसा.” ती बाई माझ्याकडे पाहत होती. मी काही बोललो नाही. त्यांच्या शेजारी बाकावर बसलो.